बद्रीनाथ कंडक्टरची थोरली

सूर्यभानला बद्रीनाथ फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. औरंगाबादच्या छावणीत, खोल्यांच्या एकाच ओळीत, मधे एक भिंत ठेवून दोघांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तरी बद्रीनाथाचं लहानपण कुठं गेलं, त्याला भाऊ किती, घरचा देव कोणता, यातलं काही सूर्यभानला सांगता आलं नसतं. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला की माणूस घरी आहे, नाही आला की वैजापूरच्या गाडीवर आहे, एवढीच ओळख. बद्रीनाथ एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीत बोलून यायचा, म्हणून घरी गप्प. सूर्यभान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, मुळातच बुजरा. दोघांचं बोलणं व्हायचं ते नळावर, आणि तेही नळ का आला नाही याबद्दल. त्याचं उत्तर सूर्यभानला माहीत असावं असं सगळ्या ओळीला वाटायचं आणि त्याला ते कधीच माहीत नसायचं.

बद्रीनाथाबद्दल खात्रीनं ठाऊक असलेली गोष्ट एकच. त्याला आकाशातून पडलेले दगड विकत घ्यायचा नाद होता.

नाद कधी लागला, कसा लागला, ते सूर्यभानला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा धीर करून त्यानं विचारलं होतं. बद्रीनाथ हंडा उचलता उचलता म्हणाला, "लागला बघा." एवढं बोलून तो आत गेला. पुन्हा विचारायचं सूर्यभानला जमलं नाही.

पण नादाची रीत त्यानं पाहिली होती. बद्रीनाथाच्या चामडी पिशवीच्या पट्ट्याला, तिकिटांच्या पेटीशेजारी, दोऱ्यानं बांधलेलं लोहचुंबक लोंबत असे. तिकीट फाडता फाडता तो उतारूला विचारायचा, "तुमच्याकडं कुठं वरून पडलेला धोंडा आहे का हो? काळा, जड?" लासूरपासून वैजापूरपर्यंत लोक त्याला धोंडेवाला कंडक्टर म्हणत आणि गाडी थांबली की खिडकीतून काहीबाही हातात देत. कुणी लोहाराच्या भट्टीतलं कीट आणायचा, कुणी रुळाकडेची खडी. एकानं तर मोडक्या चरकाचा तुकडा शेणात काळा करून आणला होता. लोहचुंबक या सगळ्यांना चिकटायचं. इतकंच काय, आपल्या भागातला साधा काळा पाषाणसुद्धा त्याला हळूच ओढून घेतो. त्यामुळं बद्रीनाथ पुष्कळदा फसला होता. फसला की तो दगड परसातल्या भिंतीकडेला ठेवून द्यायचा. ती भिंत हळूहळू बसायला चांगली झाली होती.

खरे दगड त्याच्याकडं होते ते तुरीच्या डाळीएवढे. वेरूळच्या रस्त्यावर गारगोट्या विकणारा एक व्यापारी होता. परदेशी लोक त्याच्याकडून हिरव्या-पांढऱ्या गारगोट्या नेत आणि कधीमधी बदल्यात उल्केच्या दगडाची एखादी कपची देऊन जात. त्या कपच्या बद्रीनाथ थोडे थोडे पैसे देऊन घ्यायचा. त्याच्या बायकोची, आशाबाईची, यावर एक अट होती. दगड तिच्या नेहमीच्या लुगड्यापेक्षा महाग असता कामा नये. महाग निघालाच, तर तिलाही एक लुगडं आलं पाहिजे. ही अट बद्रीनाथानं निमूट पाळली, म्हणून त्याच्या संग्रहात मोठं काही आलं नाही. जे आलं ते मसाल्याच्या गोल डब्यात, हळद-तिखटाच्या वाट्यांमध्ये, कोरड्या तांदळात पुरून ठेवलेलं असे. तांदूळ दमट हवा पितात आणि दगडाला गंज धरत नाही, असं त्याचं म्हणणं. पाहुणे आले की आशाबाई डबा दाखवायची आणि म्हणायची, "यात मसाला सोडून सगळं आहे."

मग एका गुरुवारी बानाबाई गाडीत बसली.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मेंढरं विकून ती आपला दीर मुंजाबा याच्यासोबत वैजापूरकडं परत निघाली होती. तिच्या वाड्यावरची, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावरची, मेंढरं त्या दिवसांत वैजापूरच्या अलीकडं एका मळ्यात बसली होती. बद्रीनाथानं सवयीनं धोंड्याचं विचारलं. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हाय की. आमच्या घरात हाय."

गोष्ट निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या सालातली. बानाबाईचा सासरा माळावर मेंढरं राखत बसला होता. भर दिवसा आभाळात गडगडलं, एक धुराची रेघ उठली आणि समोरच्या मातीत काहीतरी रुतलं. पलटण येऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते. गावकरी म्हणाले, कारवाईतला राहिलेला गोळा आहे, हात लावू नका. पोरंबाळं घेऊन निम्मं गाव ओढ्यापलीकडं जाऊन बसलं. गोळा काही फुटेना. शेवटी एक गाभण मेंढी जाऊन त्याच्याशेजारी बसली आणि तिथंच व्याली, जुळी. सासऱ्यानं तो धोंडा उचलून घोंगड्यात गुंडाळला आणि घरी आणला. म्हणाला, पोर आलीय. तेव्हापासून ती त्या घरची थोरली लेक. दसऱ्याला भंडारा उधळताना पहिली चिमूट तिच्यावर.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बद्रीनाथ वाड्यावर गेला. वरवंट्याएवढा लांबट दगड, काळाभोर, तेल आणि भंडारा पिऊन गुळगुळीत झालेला. अंगावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे. लोहचुंबक टपकन जाऊन बसलं.

"मी विकत घेतो," बद्रीनाथ म्हणाला.

"लेक विकत्यात व्हय कुठं?" बानाबाई म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "द्यायची असती."

तिला काय वाटलं कुणास ठाऊक. मुंजाबा नको म्हणत होता. पण मेंढरांमागं वर्षभर फिरताना आता जड ओझं उचलवत नव्हतं, आणि एकदा ओढा उतरताना थोरली तिच्या हातून निसटली होती, ती मोठ्या मुश्किलीनं सापडली. चांगलं घर मिळालं तर देऊन टाकावी, हे तिच्या मनात आधीपासून असणार. तिनं थोरलीची ओटी भरली, खण-नारळ घातला आणि दोन अटी सांगितल्या. दर दसऱ्याला लेक माहेरी आली पाहिजे. आणि तिच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. जखम झालेली दिसली तर माहेरचं माणूस तिला ठेवून घेईल, परत पाठवणार नाही.

बद्रीनाथानं बानाबाईला लुगडं-चोळी नेली, मुंजाबाला पटका. घरी आल्यावर आशाबाईनं हिशेब विचारला नाही, फक्त म्हणाली, "लुगडं दिलंत ना तिला? मग मलाही एक." तेव्हापासून बानाबाई बद्रीनाथाला इवाई म्हणायला लागली, म्हणजे मुलीचा सासरा, आणि आशाबाईला इहीण. दसऱ्याच्या सकाळी बद्रीनाथ शालीत गुंडाळलेला दगड मांडीवर घेऊन वैजापूरच्या गाडीत बसायचा. ओळखीचा कंडक्टर विचारायचा, "काय मास्तर, लेक माहेरी का?" शेजारची एखादी बाई बाळ समजून शालीची कड हळूच बाजूला करायची आणि चपापून पुन्हा झाकायची.

सगळं चांगलं होतं, एक सोडून. दगड खरा आहे की नाही, हे बद्रीनाथाला माहीत नव्हतं. त्यानं तो कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना दाखवला होता. ते म्हणाले, दिसतो तर तसाच, पण एक कोपरा कापून आतलं अंग पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही. बद्रीनाथ दगड घेऊन परत आला. कापायचं नाही असा शब्द दिला होता. म्हणून इतकी वर्षं तो दर दसऱ्याला जिला माहेरी नेत होता, ती आकाशातली आहे की आपल्याच माळावरची, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. हे त्यानं सूर्यभानला एकदा नळावर सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे काय, "कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापता येत नाही," एवढंच. पण त्या रात्री भिंतीपलीकडचा खोकला जास्त होता असं सूर्यभानला वाटलं.

तर असाच एक दसरा तोंडावर आला होता. आशाबाईनं थोरलीला तेल चोळलं आणि परसात, उन्हं येतात तिथं, पाट्यावर ठेवलं. स्वतः ती शहागंजात भंडारा आणि खोबरं आणायला गेली. जाताना किल्ली सूर्यभानच्या बायकोकडं, लक्ष्मीबाईकडं, देऊन गेली. "नळ आला तर आमचाही हंडा भरा," म्हणाली.

नळ आला नाही. दगडाबाई आली.

दगडाबाई वर्षाकाठी एकदा त्या ओळीत यायची. पाटे-वरवंटे वापरून गुळगुळीत झाले, की त्यांच्यावर टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, बारीक टाके घालून द्यायची. लक्ष्मीबाईनं आपला पाटा काढून दिला. मग शेजारधर्म आठवला. परसात शेजाऱ्यांचाही पाटा पडलेला, वर काळा वरवंटा. थोरली तिनं आजवर शालीत गुंडाळलेलीच पाहिली होती. आशावहिनी आल्यावर खूश होतील, असा तिनं विचार केला.

सूर्यभानला त्या दिवशी सुट्टी होती. तो पुढं ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. मागून टाकीचा आवाज येत होता, ठक ठक, ठक ठक. मग आवाज बदलला, खणखणला. दगडाबाई म्हणाली, "बाई, वरवंटा लई जड गं तुझ्या शेजारणीचा."

"त्यांच्या घरचं सगळंच जड," लक्ष्मीबाई म्हणाली.

"आन् ह्यो दगुड नाय. माझी टाकी मुडपली. आत चांदी हाय का काय?"

सूर्यभान वर्तमानपत्र टाकून मागं धावला. आयुष्यात तो फारसा कधी धावला नव्हता. दगडाबाईच्या मांडीशी थोरली होती, आणि तिच्या एका बाजूवर टाक्यांची छोटी रांग उमटली होती.

"बास," तो म्हणाला. "बास करा."

"मी काय केलं?" लक्ष्मीबाई म्हणाली. मग तिनं नीट पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दुपारी बद्रीनाथ ड्यूटीवरून आला तेव्हा सूर्यभान त्याच्या दारात उभा होता. काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी त्यानं नुसता दगड पुढं केला. बद्रीनाथानं तो हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि तसाच उंबऱ्यावर बसला. लक्ष्मीबाई आतून सगळं सांगत होती, रडत होती, मधेच दगडाबाईला बोल लावत होती. बद्रीनाथाचं लक्ष नव्हतं. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि दगड उजेडाकडं धरला.

वरचा काळा पापुद्रा उडाला होता. त्याखाली राखाडी अंग होतं, आणि त्या राखाडीत जागोजागी बारीक कण चमकत होते. टाकीच्या घावानं काही कण चपटे होऊन आरशासारखे झाले होते. धातू होता तो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटात असं काही नसतं.

"सूर्यभानराव," तो हळू म्हणाला, "ही खरी आहे."

परीक्षेचा निकाल वाचावा तसं तो म्हणाला. आणि मग, "पण आता जाणार."

आशाबाई शहागंजातून आली, तिला कळलं, तीही त्याच उंबऱ्यावर बसली. काय करायचं यावर चौघांचं बोलणं झालं. लक्ष्मीबाई म्हणाली, "भंडाऱ्याचा जाड लेप द्या त्या बाजूला. म्हातारीला दिसतंय कुठं?"

"इहीणबाईंना सुईत दोरा ओवता येतो," आशाबाई म्हणाली. "मला येत नाही."

"मग ती बाजू खाली ठेवा, शालीवर."

बद्रीनाथानं मान हलवली. "रोज गाडीत बिनतिकिटाचा माणूस मीच खाली उतरवतो, लक्ष्मीवहिनी. त्यांनी शब्दावर दिलीय ती. मी दाखवणार."

"मी येतो बरोबर," सूर्यभान म्हणाला. तिघांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यालाही आपलं बोलणं ऐकून जरा नवल वाटलं. पण घाव त्याच्या घरच्या चुकीनं पडला होता, आणि बद्रीनाथाला एकट्यानं परत येताना रिकामी शाल मांडीवर घ्यावी लागेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

दसऱ्याला दोघं गेले. वाटेत बद्रीनाथ शालीवरून हात फिरवत होता. मेंढरं कापलेल्या बाजरीच्या वावरात बसली होती. बानाबाईनं दोघांच्या पायांवर पाणी घातलं, सूर्यभानला बघून म्हणाली, "ह्ये कोण?"

"शेजारी," बद्रीनाथ म्हणाला आणि शाल सोडली. टाक्यांची बाजू त्यानं वर ठेवली होती. "बानाबाई, थोरलीला लोखंड लागलं. आमच्या घरात लागलं. मी नाही लावलं, पण घर माझं आहे."

मुंजाबा पुढं झाला. त्यानं घाव पाहिले आणि पटका सारखा केला. "वैनी, मी तवाच बोललो व्हतो. आता हिला हितंच ऱ्हाऊ दे. शब्दच व्हता तसा."

बानाबाईनं थोरली मांडीवर घेतली, डोळ्यांजवळ आणली. सूर्यभानला मेंढरांच्या चघळण्याचा आवाज ऐकू येत होता. तिनं एकेका टाक्यावर नख टेकवत बोट पुढं पुढं नेलं, रांगेच्या शेवटापर्यंत. मग विचारलं, "कुणी केलं?"

"टाकीवाली आहे एक. दगडाबाई. पाट्यांना टाके घालते. तिला वरवंटा वाटला," सूर्यभान म्हणाला. त्याला जेवढं बोलायचं होतं त्यापेक्षा ते जास्तच झालं होतं.

"बाईनं?"

"बाईनंच."

"पुरुषाचा हात नाय लागला?"

"नाही."

बानाबाईनं आपला उजवा हात पुढं केला. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण होतं, ठिपक्यांच्या रांगाच रांगा, जुन्या झालेल्या. तिनं थोरलीची बाजू हाताला लावून पाहिली.

"मुंजाबा," ती म्हणाली, "मला कुठं गोंदलं?"

"सासरी. आमच्या घरी आल्यावर."

"कुणी गोंदलं?"

"गोंदणारीण आलती."

"सुईनंच ना? सुई लोखंडाचीच असती का नाय? मग तवा माझ्या बापानं मला ठिवून घेतलं नाय त्ये."

मुंजाबा डोकं खाजवत राहिला. "पर वैनी, ती मानूस हाय व्हय?"

"मानूस नाय तर काय? पोर हाय म्हून आणली ना मामंजींनी." तिनं बद्रीनाथाकडं पाहिलं. "सासरी गोंदून घेतलं म्हणा की, इवाई. एवढं तोंड पाडून सांगायचं काय त्यात? लई रडली का?"

"ती नाही," बद्रीनाथ म्हणाला. "टाकीच मुडपली."

बानाबाई हसायला लागली. दात नव्हते, तरी हसणं थांबेना. मुंजाबाही शेवटी हसला आणि म्हणाला, "आमच्या घरची हाय, मग टाकीच मुडपायची." भंडाऱ्याची पहिली चिमूट थोरलीवर पडली. ताकाची आंबील आली, बाजरीच्या भाकरी आल्या. बद्रीनाथ दोन वाडगे आंबील प्याला आणि वावरातच घोंगड्यावर आडवा झाला. गाडीची वेळ झाली तरी त्याला उठवावंसं सूर्यभानला वाटेना.

परतीच्या गाडीत बद्रीनाथाचे हात दुखायला लागले, म्हणून थोरली लासूरपासून सूर्यभानच्या मांडीवर होती. ती वाटते त्यापेक्षा जड होती. पुढं बद्रीनाथानं ती प्राध्यापकांना पुन्हा नेऊन दाखवली. त्यांनी भिंगातून बघितलं, मान डोलावली आणि चहा मागवला. भिंतीपलीकडून त्यानंतर खोकल्याऐवजी घोरणं जास्त ऐकू येऊ लागलं. लक्ष्मीबाईला त्याचा त्रास व्हायचा. सूर्यभानला नाही.

वर्षं गेली. बानाबाई गेली, तिच्या सुनेनं, आक्काबाईनं, माहेरपण सांभाळलं. बद्रीनाथ निवृत्त झाला, पण वेरूळच्या व्यापाऱ्याकडं जाणं त्यानं सोडलं नाही, आणि आशाबाईची लुगड्याची अटही सुटली नाही. मसाल्याचा डबा भरला, दुसरा घेतला. मग एका वर्षी, दसरा जवळ आलेला असताना, दुपारच्या झोपेतून तो उठला नाही. आशाबाई म्हणाली की चेहरा अगदी निवांत होता. त्या दसऱ्याला थोरली वेळेवर माहेरी पोचली. आक्काबाईनं पायांवर पाणी घालतानाच इवाई कुठं म्हणून विचारलं, तेव्हा सूर्यभाननं पुन्हा नुसता दगड पुढं केला.

बद्रीनाथ गेला त्याच्या आदल्या आठवड्यात दोघं नळावर भेटले होते. नळ बारीक चालला होता, हंडा भरायला वेळ लागत होता.

"दसऱ्याला सकाळची गाडी धरू," बद्रीनाथ म्हणाला. "दुपारी गर्दी होते."

"धरू."

"मागच्या वर्षी सगळा रस्ता मी घेतली होती मांडीवर. यंदा तुम्ही घ्या."

"घेतो," सूर्यभान म्हणाला. "तुमचा हंडा भरला बघा."